राहतोस की जातोस?

मी जर्मनीला निघालो त्या दिवशी आबांना सुट्टी नव्हती. आबा म्हणजे माझे वडील. सेलूच्या एसटी स्टँडवर ते मला पोचवायला आले ते मालकाला विचारून, आणि बस फलाटाला लागायच्या आत माघारी निघाले, कारण संध्याकाळच्या धारांना गोठ्यात हजर राहणं भाग होतं. पोरगा विमानात बसायला चाललाय म्हणून म्हशी थांबत नाहीत. परभणीचा माझा एक कॉलेजातला मित्र त्याच्या वडिलांना घेऊन निरोप द्यायला आला होता. त्यांनी आबांना सहज विचारलं, "आपली शेती किती?" आबांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "आहे थोडीफार." आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि धोतराचा सोगा सारखा केला.

शेती नव्हती. गुंठाभरही नव्हती. आबा सालगडी होते. जर्मनीत वाढणाऱ्या आपल्या मुलांना हा शब्द ठाऊक असण्याचं कारण नाही, म्हणून सांगतो. गुढीपाडव्याला मालकाशी बोली व्हायची आणि पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस त्या घरचा. नांगर, गोठा, रात्रीचं पाणी, मालकाच्या घरी लग्न निघालं तर पंगतीच्या पत्रावळी उचलणंसुद्धा. मध्येच सोडून जाणं म्हणजे साल मोडणं, आणि साल मोडणाऱ्याला पंचक्रोशीत कुणी दारात उभं करायचं नाही. स्टँडवरून जाताना आबांनी मला तेवढंच सांगितलं. "धरलेलं साल मोडू नको. काही झालं तरी मोडू नको."

आबांना ते सांगावं लागलं, कारण सालाने मीही राहिलो होतो. पुण्याच्या ज्या कंपनीने मला रेगेन्सबर्गला पाठवलं, तिने तीन वर्षांचा बाँड लिहून घेतला होता आणि माझी डिग्रीची मूळ सर्टिफिकेटं आपल्या लोखंडी कपाटात ठेवली होती. बाँड संपेपर्यंत ती परत मिळत नसत, आणि मूळ सर्टिफिकेटांशिवाय दुसरीकडे कुणी उभं करत नसे. आबांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांना जराही अडचण पडली नाही. "म्हणजे इंजिनिअरलाबी साल असतं व्हय," एवढंच म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना थोडं बरंही वाटलं असावं.

ती तीन वर्षं आपल्यातल्या बऱ्याच जणांनी काढली आहेत, तेव्हा फार लिहीत नाही. युरो नवा होता, आम्ही चौघं एका फ्लॅटमध्ये होतो, गाड्यांच्या कारखान्यात दिवसभर वायरिंगची ड्रॉइंग्ज करायचो. चार वाजले की जर्मन लोक फायराबेंड म्हणून उठायचे, म्हणजे आजचं काम संपलं. आमचं संपायचं नाही, कारण पुण्याहून फोन यायचा. तेव्हा मी मनातल्या मनात कंपनीच्या साहेबांना काय काय म्हणायचो ते छापण्यासारखं नाही. पण साल मोडलं नाही. बाँड संपला, सर्टिफिकेटं प्लॅस्टिकच्या पिशवीतून हातात आली, आणि मी स्टेशनवरच्या बाकावर बसून ती एकेक उघडून बघितली. आपलंच नाव वाचून रडू येतं हे तेव्हा कळलं.

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. माझे दिवस फिरले. कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका जर्मन सहकाऱ्याला भागीदार घेऊन मी स्वतःचं छोटं इंजिनिअरिंग ऑफिस काढलं. काम यायला लागलं तशी पुण्याहून मुलं आणायला लागलो. आणि मुलं आणताना मी काय केलं? बाँड लिहून घेतला. सर्टिफिकेटं ठेवून घेतली. कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं: सगळेच घेतात, माझीही घेतली होती, मी मेलो का? इथे जर्मनीत असं केलेलं उघड झालं तर धडगत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ती फाइल ऑफिसात नव्हती. घराच्या तळघरात, केलरमध्ये, गाडीच्या हिवाळी टायरांच्या मागे होती.

हो, घर. रेगेन्सबर्गच्या बाहेर, डॅन्यूबपासून जवळ, एका खेड्यात मी जमीन घेतली. ग्रुंडश्टुक. नोटारने, म्हणजे इथल्या दस्त करणाऱ्या वकिलाने, सगळा करार मोठ्याने वाचून दाखवला, तसा तो इथे वाचावाच लागतो, आणि माझं नाव आलं तेव्हा मला वाटलं आपल्या सात पिढ्या मागे उभ्या राहून ऐकताहेत. घर उभं राहिलं, पण अंगण म्हणजे बांधकामवाल्याने टाकलेला मातीचा डोंगर. तो उपसायला जर्मन माणूस लावणं परवडणारं नव्हतं असं नाही. पण शनिवारी मुलं मोकळीच असायची. निलेश, सागर आणि आणखी दोघं. मला दादा म्हणायची, वैशालीला वहिनी. वैशाली थालीपीठं करायची, मुलं फावडी घेऊन माती ओढायची, आणि मी सगळ्यांना सांगायचो की बिचाऱ्यांना घरचं जेवण मिळतं, घरच्यासारखंच आहे. घरच्यासारखं! मालकाच्या घरीही आबांना असंच म्हणायचे.

आई गेल्यानंतर आबांचं काम सुटलं होतं. त्या मार्चमध्ये मी त्यांना जर्मनीला आणलं. पाडवा आमच्याकडे करायचा म्हणून मुद्दामच. साखरेच्या गाठी आणि वाळवलेला कडुनिंब ते गावाहून पिशवीत घेऊन आले, कारण तिकडे मिळेल न मिळेल. म्युनिकहून गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "जमीन बघायला कवा जायचं?" मी म्हटलं, "आबा, घर जमिनीवरच आहे." तरी घरी पोचल्यावर ते आधी घरात आलेच नाहीत. बाहेरून कुंपणाच्या कडेकडेने चालत राहिले. मी म्हणालो, मधून चाला, आपलीच आहे. ते हसले, पण कडेनेच चालले.

पाडव्याच्या आधीचा शनिवार होता. मुलं आली, फावडी घेतली. मी आबांसाठी गच्चीवजा ओट्यावर खुर्ची ठेवली, वैशालीने चहा दिला. निलेश माझ्याजवळ आला. हा मुलगा बार्शीकडचा, कामाला हुशार, बोलायला कमी. त्याने फावडं बाजूला टेकवलं आणि म्हणाला, "दादा, येना शहरात एका ठिकाणी नोकरीचं झालंय माझं. ऑप्टिक्सचं काम आहे, मला तेच करायचं होतं. ते लोक मूळ सर्टिफिकेट मागतायत. आणि बाँडचं... तुम्ही म्हणाल तसं करू, पण मला जायचंय."

मला राग आला. खरं तर भीती वाटली, कारण चालू कामाचा अर्धा भार त्याच्यावर होता. पण माणूस भीतीला रागच म्हणतो. मी आबांकडे हात करून मोठ्याने म्हणालो, "निलेश, हे माझे वडील. यांनी मला एक गोष्ट शिकवली. धरलेलं साल मोडायचं नाही. मी तीन वर्षं काढली, मोडलं नाही. तुझंही साल अजून बाकी आहे."

किती ऐटीत म्हणालो! आबांना अभिमान वाटेल असंच मला वाटलं होतं.

आबांनी निलेशकडे बघितलं. मग मातीच्या डोंगराकडे, मग बाकीच्या मुलांकडे. विचारलं, "ही पोरं तुझ्या हापिसातली ना?" मी म्हणालो, हो. "मग हितं?" मी म्हणालो, "शनिवारी येतात, आपलीच मुलं आहेत, घरच्यासारखी." आबांनी चहाचा कप खाली ठेवला. उठले, निलेशचं टेकवलेलं फावडं उचललं आणि माती ओढायला लागले.

मुलं धावली. "आबा, तुम्ही बसा, आम्ही करतो ना." आबा म्हणाले, "बसवत न्हाई रे. काम चालू आसताना खुर्चीत बसायची सवं न्हाई मला." मी त्यांचा हात धरला तर त्यांनी तो सोडवला नाही, पण फावडंही सोडलं नाही. म्हातारा माणूस परदेशात येऊन पोराच्या अंगणात माती ओढतोय आणि पोरगा जाकीट घालून उभा. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी मीही एक फावडं घेतलं, पण ते आता कुणाला दाखवायचं राहिलं होतं?

जेवायच्या वेळी आबांनी आपलं ताट उचललं आणि मुलांच्या रांगेत, लाकडी फळ्यांवर जाऊन बसले. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचा लेनर आला. ऐंशीच्या घरातला, हातात आलुबुखाराच्या केकचं ताट. धोतर नेसून माती ओढणारा म्हातारा त्याने खिडकीतून बघितला असावा आणि त्याला राहवलं नसावं. त्याने मला विचारलं, तुझे वडील काय करायचे? मी जर्मनमध्ये म्हणालो, "लांडविर्ट." म्हणजे शेतकरी, स्वतःच्या शेताचा. एसटी स्टँडपासून इतकी वर्षं झाली, सुंभ जळला तरी पीळ काही गेला नव्हता.

लेनर खूश झाला. "आल्झो, मग यांना आवडेल," म्हणत त्याने त्याच्या आजीच्या माहेरची गोष्ट सुरू केली. फार जुनी, अमेरिकेत इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची. ऱ्हाइनकडच्या त्या घरातला एक मुलगा अमेरिकेला निघाला. जहाजाचं भाडं द्यायला काही नव्हतं, म्हणून त्याने स्वतःची वर्षं विकली. जहाज बंदराला लागलं की कप्तान अशा माणसांना डेकवर उभं करायचा, तिथले जमीनदार यायचे, हात-दात बघायचे आणि काही वर्षांसाठी माणूस घेऊन जायचे.

मी आबांना मराठीत सांगत होतो. आबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे सालगडीच की," ते म्हणाले.

"हो, तसंच."

"साल भरल्यावर कपडे दिले का त्याला?"

मी विचारलं. लेनर म्हणाला, "गेनाऊ! अगदी बरोबर! नवे कपडे आणि एक कुऱ्हाड." आबांना कसं कळलं याचं त्याला नवल वाटलं. मुदत संपल्यावर त्या मुलाने जंगल तोडलं, जमीन केली, तंबाखू लावला, मोठा जमीनदार झाला. एवढं मी आबांना सांगितलं. आबांचा चेहरा असा उजळला, जणू त्यांच्याच भावकीतल्या कुणाचं भलं झालं होतं.

पण लेनरची गोष्ट संपली नव्हती. तो आवाज खाली आणून म्हणाला, आमच्या आजीच्या घरी त्याचं नाव घेत नसत. कारण पुढे तो स्वतः बंदरावर जायला लागला. जहाज आलं की डेकवरून माणसं निवडायचा. आणि निवडायचा ती आपल्याच मुलखातली, आपल्याच गावाकडची, कारण त्यांची भाषा त्याला यायची आणि ती पळून जात नसत.

आबांनी विचारलं, "काय म्हणायलाय त्यो?"

मी म्हणालो, "केक घ्या म्हणतोय."

आबांनी केकचा तुकडा घेतला. तो तळहातावर धरून मला परत विचारलं, "मग पुढं? येवढी जमीन झाली, एकट्याच्यानं तर व्हणार न्हाई. त्यानं सालगडी ठिवले का?"

चोराच्या मनात चांदणं. आबांना जर्मनचं अक्षर येत नव्हतं, तरी मला वाटलं त्यांना सगळं कळलंय. मी म्हणालो, "ते याला ठाऊक नाही."

मग माझ्या लक्षात आलं की या मुलांना जर्मन येतं. येतं कसलं, माझ्यापेक्षा चांगलं येतं, क्लासची फी मीच भरली होती. सागर ताटात बघत होता. निलेश माझ्याकडे बघत होता. त्याला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या बापासमोर मला उघडं पाडायला एक वाक्य पुरलं असतं, आणि त्याचं सर्टिफिकेट माझ्या केलरमध्ये होतं. तो आबांना म्हणाला, "आबा, अजून भाजी वाढू का?"

माझी लाज राखली त्याने. मी ज्याला अडकवून ठेवला होता त्याने. दुसऱ्या कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दोन दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. यातून मात्र मोकळं होता आलं नाही.

पाडव्याच्या दिवशी वैशालीने बाल्कनीत गुढी उभारली. मुलं श्रीखंड-पुरीला यायची होती. आबा आंघोळ करून, टोपी घालून बसले होते. म्हणाले, "पोरांना इचारलंस का?"

"काय?"

"राहता का जाता. पाडव्याला इचारावं लागतं मालकाला. इचारल्याबिगर नवं साल लागत न्हाई." मग थांबून म्हणाले, "धरलेलं साल मोडू नको, हे गड्यानं आपल्या पोराला सांगायचं आसतं. मालकानं गड्याला न्हाई."

मी खाली बघत विचारलं, "तुम्हाला विचारायचे मालक?"

आबा म्हणाले, "मला न्हाई इचारलं कधी. लोकांच्या घरी इचारायचे, मी ऐकलंय. मी आपला सकाळपासून ओट्याखाली उभा राहायचो. मालक आतूनच म्हणायचे, म्हशी सोड. झालं साल चालू." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. मी मात्र त्या ओट्याखाली उभ्या असलेल्या माणसाला पहिल्यांदा बघितलं. लहानपणी मी त्याच दिवशी नवी चड्डी घालून गाठी खात फिरत असे.

मुलं आली. जेवणं झाली. मी केलरमध्ये गेलो, टायर बाजूला केले, फाइल वर आणली आणि टेबलावर ठेवली. आबा बघत होते. मी निलेशला विचारलं, "राहतोस की जातोस?" हे चार-चौघांसमोर विचारताना माझी जीभ इतकी जड झाली की वैशालीला वाटलं मला बरं नाही. मोठेपणा म्हणून विचारलं असतं तर सोपं गेलं असतं. मी विचारलं ते बाप समोर बसला होता म्हणून.

निलेश उभा राहिला. त्याने आपली सर्टिफिकेटं काढून घेतली, नाव वाचलं, आणि म्हणाला, "जातो, सर."

त्या दिवसापर्यंत तो मला दादा म्हणत होता. त्यानंतर कधीच म्हणाला नाही. आबांच्या मात्र पाया पडला. सागर म्हणाला, राहतो. बाकीचे दोघं म्हणाले, विचार करून सांगतो. सर्टिफिकेटं मात्र सगळ्यांनीच उचलली आणि फाइल रिकामी झाली. मातीचा डोंगर पुढे एका जर्मन माणसाने यंत्र आणून एका सकाळीत सपाट केला. इतकं ते सोपं होतं.

मे महिन्यात आबा परत निघाले. व्हिसा अजून शिल्लक होता. मी म्हटलं राहा, ते म्हणत होते गावाकडे काम आहे. काम कसलं, कुणाच्या तरी म्हशी बघायच्या. म्युनिकच्या विमानतळावर सिक्युरिटीच्या आधी, लोकांची वाट अडवून, मी त्यांना विचारलं, "आबा, राहता का जाता?" ते दचकले. मग तोंडावर हात ठेवून इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, "जातो. पर इचारलंस, बरं केलंस." चार पावलं गेले आणि वळून म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला इचारून ठेव. त्या गड्याचं पुढं काय झालं. मी आलो की सांग."

ते आले नाहीत. पुढच्या पाडव्याच्या आत आबा गेले. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

निलेश येनालाच आहे. म्युनिकच्या गणपतीत भेटला तर वाकून नमस्कार करतो, "कसे आहात सर" म्हणतो आणि पुढे जातो. राग धरलेला दिसत नाही. दिसला असता तर मला बरं वाटलं असतं. माझ्या ऑफिसात आता बाँड नाही. हे मी कौतुकासाठी लिहीत नाही, त्यात कौतुक काय? दर पाडव्याला मी प्रत्येकाला विचारतो आणि विचारताना दर वेळी माझे कान गरम होतात. मुलांना वाटतं दादांची काहीतरी गंमत आहे.

गावाकडचे लोक फोनवर विचारतात, घर कुठलं म्हणायचं आता, तिकडचं की इकडचं? डॅन्यूबकाठची जमीन माझ्या नावावर आहे आणि तिच्यावर मी अजून मोकळेपणाने बसू शकत नाही. कुंपणाकडेच्या वाटेवर आबा चालताना दिसतात. गावाला जातो तेव्हा मालकाच्या त्या ओट्याखाली जाऊन उभा राहतो. घरात आता कुणी राहत नाही, आतून कुणी हाक मारत नाही. तरी माझं घर म्हणाल तर तेवढी जागा, कारण आबांना द्यायचं उत्तर माझ्याकडे राहिलंय आणि ते दुसरीकडे कुठे देता येणार नाही. गेल्या खेपेला कुणी नाही असं बघून ते मी मोठ्याने दिलं.

आबा, त्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं. ठेवले होते त्या गड्याने सालगडी. आपल्याच गावचे.